सात हजार दिवसांचं पुस्तक

अमेरिकेतल्या युटा राज्यात राहणाऱ्या हॉवर्ड टेलर यांनी १२ जून २००० रोजी आपल्या विज्ञानकथेची पहिली चित्रपट्टी इंटरनेटवर टाकली. दुसऱ्या दिवशी दुसरी, तिसऱ्या दिवशी तिसरी. हा रतीब २४ जुलै २०२० रोजी थांबला, तो कथा संपली म्हणून. मधल्या वीस वर्षांत, म्हणजे सात हजार तीनशेहून अधिक दिवसांत, एकाही दिवसाचा खाडा नाही. रविवारची पट्टी तर नेहमीपेक्षा मोठी.

या मालिकेचं नाव 'श्लॉक मर्सिनरी'. काळ एकतिसावं शतक. कॅप्टन टॅगन नावाचा एक भाडोत्री सैनिकांचा म्होरक्या, त्याची टोळी, आणि त्या टोळीतला सार्जंट श्लॉक. श्लॉकला हातपाय नाहीत, हाडं नाहीत, ठरलेला आकारच नाही. हिरवट रंगाचा एक गोळा, त्याला दोन डोळे आणि जवळ एक भलीमोठी प्लाझ्मा तोफ. वाटेल ते खाणारा, लढायला सदैव तयार आणि स्वभावाने काहीसा निरागस. सुरुवातीला वाटतं, ही रोजच्या हशाची सोय आहे. पुढे त्याच पट्ट्यांमधून आकाशगंगेचं राजकारण, माणसापेक्षा शहाणी झालेली संगणकबुद्धी, अमरत्वाचे परिणाम असे विषय उलगडत जातात. कथानक वीस पुस्तकांचं झालं. २००९ ते २०१३ अशी सलग पाच वर्षं या मालिकेचे खंड विज्ञानसाहित्यातल्या ह्यूगो पुरस्काराच्या चित्रकथा विभागात अंतिम यादीत होते.

हे सगळं वेबवर फुकट होतं. तरी त्याची छापील पुस्तकं निघाली आणि त्यांच्यावर एक घर चाललं. टेलर २००४ पर्यंत नॉव्हेल या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होते. ती सोडून ते पूर्णवेळ चित्रकथेकडे वळले. पुस्तकांची मांडणी, हिशेब, ग्राहकांची नोंद आणि पार्सलं हे काम त्यांच्या पत्नी सँड्रा टेलर यांनी अंगावर घेतलं. घरच्याच या प्रकाशनाचं नाव हायपरनोड मीडिया.

वेबवरच्या विज्ञानचित्रकथेचा छापील संग्रह काढायचा म्हणजे काय काय ठरवावं लागतं, हे पाहायला या घराइतकं चांगलं उदाहरण नाही. फायली उघडल्या, पानांवर लावल्या, छापखान्यात दिल्या, इतकंच ते काम असतं तर त्यावर दीर्घ लेख लिहायची गरज नव्हती. वेबवरची मालिका दिवसांनी बनते आणि पुस्तक पानांनी. एका मापाचं दुसऱ्या मापात रूपांतर करताना दर टप्प्यावर कोणाला तरी निर्णय घ्यावा लागतो, आणि तो चुकला तर दुरुस्त करण्यासाठी सगळी आवृत्ती संपेपर्यंत थांबावं लागतं.

फुकट वाचलेलं विकत का घ्यायचं?

या प्रश्नाचं उत्तर फिल आणि काया फोग्लिओ या दांपत्याने उलट्या दिशेने दिलं. त्यांची 'गर्ल जीनियस' ही वेड्या शास्त्रज्ञांच्या युरोपात घडणारी चित्रकथा २००१ मध्ये छापील अंकांच्या रूपातच सुरू झाली होती. असे अंक काढायचे म्हणजे दर अंकामागे कागद, छपाई आणि वितरकाचा वाटा. एप्रिल २००५ पासून त्यांनी सुटे अंक बंद केले, पानं वेबवर फुकट द्यायला सुरुवात केली आणि विक्रीसाठी फक्त जाड संग्रह ठेवले. अंकाचं काम वेबने केलं आणि पुस्तकाचं काम पुस्तकाकडे राहिलं. पुढे ह्यूगोचा चित्रकथा विभाग सुरू झाला, तेव्हा पहिली तीन वर्षं, २००९ ते २०११, तो पुरस्कार याच मालिकेला मिळाला.

मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. दिवाळी अंकात वाचलेली कथा आपण पुढे कथासंग्रहात विकत घेतोच. 'सकाळ'मध्ये १९९१ पासून रोज भेटू लागलेला चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' पेपरात वाचून झालेला असला, तरी त्याच्या पुस्तिका घराघरांत हौसेने घेतल्या गेल्या. वाचक पुस्तकाचे पैसे देतो ते पुन्हा वाचण्यासाठी, दुसऱ्याला देण्यासाठी आणि ज्याने इतकी वर्षं हसवलं त्याच्या पदरात काही पडावं म्हणून. नियोजन करणाऱ्याने हे तिन्ही हेतू ध्यानात ठेवले की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

आधी तिसरा खंड

टेलर दांपत्याने २००६ मध्ये पहिलं छापील पुस्तक काढलं, तेव्हा त्यांनी मालिकेची सुरुवात छापली नाही. 'अंडर न्यू मॅनेजमेंट' हा कथाक्रमातला तिसरा खंड आधी निघाला. पहिला खंड 'द टब ऑफ हॅपिनेस' त्यानंतर, २००७ मध्ये आला. दुसरा, 'द टेरापोर्ट वॉर्स', त्याच्याही नंतर.

वरवर विचित्र दिसणाऱ्या या क्रमामागचा व्यवहार पाहा. जून २००० मधली पट्टी आणि तीन वर्षांनंतरची पट्टी शेजारी ठेवली तर दोन वेगळ्या माणसांनी काढल्यासारखी वाटते. रोज एक पट्टी काढणाऱ्याचा हात वाचकांच्या डोळ्यांदेखत बसत जातो. वेबवर त्याने फारसं बिघडत नाही, कारण नवा वाचक आजच्या पट्टीवर येतो, रमतो आणि मग मागे जातो. पुस्तकात मात्र तो पहिलं पान उघडतो. दुकानात किंवा संमेलनात पुस्तक हातात घेणारा अनोळखी माणूस त्या पानावरूनच मत बनवणार. तिसरा खंड आटोपशीर, चित्रं सुधारलेली आणि कथा मागचं फारसं माहीत नसताना कळेल अशी. नव्या प्रकाशनाला पहिल्यांदा बाजारात पाठवायला तोच योग्य होता.

पण तिसरा खंड कपाटात आला की त्याच्या डावीकडची दोन खंडांची मोकळी जागा डोळ्यांत भरते. ज्यांनी पाच-सहा वर्षं रोज वाचलं, त्यांना पहिल्या दिवसापासूनचं सगळं हवं असतं, कच्च्या रेषांसकट. म्हणून संग्रहाची आखणी करणाऱ्याने दोन वाचक मनात धरावे लागतात: एक ज्याला अजून काहीच माहीत नाही, दुसरा ज्याला सगळं पाठ आहे. पहिल्यासाठी कोणता खंड आधी काढायचा ते ठरतं. दुसऱ्यासाठी एकही खंड गाळता येत नाही.

पडद्यावरचा प्रकाश, कागदावरची शाई

यानंतर तांत्रिक अडचणींचा नंबर लागतो, आणि विज्ञानकथेला त्या जरा जास्तच छळतात.

पहिली अडचण आकाराची. जुन्या वेबसाइटवर साडेसातशे पिक्सेल रुंदीचं चित्र ऐसपैस दिसायचं. रंगीत छपाईला एका इंचात तीनशे पिक्सेल लागतात. म्हणजे पडदाभर दिसणारं तेच चित्र कागदावर जेमतेम अडीच इंचांचं होतं. ओढून मोठं केलं की कडा दातेरी होतात आणि संवादांची अक्षरं धुरकटतात. नुसत्या काळ्या रेषांना आणि अक्षरांना तर इंचाला सहाशे ते बाराशेपर्यंतची बारकाई हवी. ज्याने मूळ मोठ्या फायली जपल्या, त्याचं निम्मं काम झालेलं असतं. ज्याने फक्त वेबवरची छोटी प्रत ठेवली, त्याला कागदावरची मूळ चित्रं शोधून पुन्हा स्कॅन करावी लागतात, नाहीतर अक्षरं तरी नव्याने बसवावी लागतात.

दुसरी अडचण रंगाची. पडदा लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशातून रंग तयार करतो; छापखाना निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी या चार शाया एकमेकींवर चढवून. प्रकाशातले काही रंग शाईला साधतच नाहीत. झगमगता हिरवा आणि विजेसारखा निळा हे त्यातले पहिले. विज्ञानचित्रकथेत नेमके तेच भरलेले असतात: तोफेची प्लाझ्मा, यानाचं इंजिन, हवेत तरंगणारे नकाशे, परग्रहावरचा सूर्य. रंग तसेच ठेवून फाईल छापखान्यात दिली, तर तोफ विझल्यासारखी दिसते. मग आजूबाजूचे रंग मुद्दाम गडद करून तोफेचा रंग उजळ भासवावा लागतो. हे काम संगणकाचं एक बटण दाबून होत नाही. पट्टीमागून पट्टी डोळ्यांनी तपासत करावं लागतं.

तिसरी अडचण अंतराळाची. एकट्या काळ्या शाईने छापलेलं आकाश कागदावर राखाडी पडतं. गर्द काळं हवं तर काळ्याखाली बाकीच्या शाया घालाव्या लागतात. त्या जास्त झाल्या की कागद ओला राहतो, वाळायला वेळ घेतो आणि समोरच्या पानावर डाग उमटतो. म्हणून चारही शायांची मिळून बेरीज साधारण तीनशे टक्क्यांच्या आत ठेवतात. संवादांच्या अक्षरांचं मात्र उलट. ती फक्त काळ्या शाईतच हवीत. चार शायांत छापली आणि शायांची एकमेकींवरची जुळणी केसभर हलली, तर प्रत्येक अक्षराला रंगीत सावली पडते. म्हणजे एकाच पट्टीत आकाशाचा काळा वेगळा आणि अक्षराचा काळा वेगळा.

दिवसांची पानं करताना

रोजच्या पट्टीचं व्याकरण ठरलेलं असतं. पहिल्या चौकटीत कालची आठवण, शेवटच्या चौकटीत टोला. आज पहिल्यांदाच आलेल्या माणसालाही काहीतरी हाती लागावं म्हणून ही सोय. पुस्तकात तीच आठवण दर चार चौकटींनी यायला लागली की वाचक कंटाळतो, आणि दर अर्ध्या मिनिटाला येणारा टोला गंभीर प्रसंगाचा दम घालवतो. काही पट्ट्या गाळाव्यात, काही चौकटी जोडाव्यात, की सगळं जसंच्या तसं ठेवावं? बहुतेक संग्रह जसंच्या तसं ठेवतात, कारण ती लय हीच मालिकेची ओळख असते. मग संपादकाच्या हातात उरतं ते पान. एका पानावर किती पट्ट्या, मोठी रविवारची पट्टी कुठे बसवायची, आणि रहस्य उघड करणारी चौकट कोणत्या बाजूला येऊ द्यायची. उजव्या पानावर ती आली तर पान उघडताक्षणी नजर तिच्यावर जाते आणि डावं पान वाचायच्या आधीच गुपित फुटतं. पान उलटल्यावर डावीकडे आली, तर तिचा धक्का शाबूत राहतो.

ही कसरत टाळायची तर पुस्तक पहिल्या दिवशीच डोळ्यांसमोर हवं. वॉरन एलिस आणि पॉल डफील्ड यांच्या 'फ्रीकएंजल्स'ने तेच केलं. पाण्याखाली गेलेल्या लंडनमधल्या तरुणांची ही कथा फेब्रुवारी २००८ मध्ये वेबवर सुरू झाली, ती दर आठवड्याला छापील पुस्तकाच्या मापाची पूर्ण सहा पानं घेऊन. २०११ मध्ये १४४ भागांवर ती संपली आणि सहा खंडांत नीट बसली. पण त्यामागे प्रकाशक होता आणि मानधन होतं. नोकरी सांभाळून रोज एक पट्टी काढणाऱ्याला पहिल्या दिवशी पुस्तकाचा विचार कुठून सुचणार?

काही वेळा वेबवरची अडगळच पुस्तकात मौल्यवान ठरते. सिडनी पदुआ यांनी २००९ मध्ये एडा लवलेस या गणितज्ञेवर एक छोटी चित्रकथा वेबवर काढली. खऱ्या आयुष्यात एडा तरुण वयात गेली आणि चार्ल्स बॅबेजचं गणनयंत्र पूर्ण झालं नाही. पदुआ यांनी ते यंत्र पूर्ण झालेलं एक काल्पनिक जग उभं केलं आणि त्यात दोघांना गुन्हेगारांशी लढायला लावलं. विनोदाच्या खाली पदुआ जुन्या पत्रांचे आणि कागदपत्रांचे दाखले देत गेल्या. २०१५ मध्ये पुस्तक निघालं, तेव्हा हे दाखले तळटीपा आणि परिशिष्टं होऊन चित्रांच्या बरोबरीने पानांवर बसले. वेबवर ज्यासाठी दुवा उघडावा लागायचा, ते आता नजरेच्या टप्प्यात आलं.

जुन्या वाचकाने विकत घ्यावं म्हणून पुस्तकात काही नवंही लागतं. 'श्लॉक'च्या खंडांमध्ये वेबवर नसलेल्या जादा कथा असतात, आणि थोडे अधिक पैसे देणाऱ्याला प्रतीवर लेखकाच्या हातचं रेखाटन मिळायचं. ही कल्पना चांगली असली, तरी तिची किंमत हातालाच मोजावी लागते. शेकडो प्रतींवर रेखाटनं करायची आणि त्या दिवसांतही रोजची पट्टी चुकवायची नाही, हे वेळापत्रक आधी आखावं लागतं.

किती प्रती, कोणाच्या पैशांत?

छपाईचा हिशेब निर्दय असतो. समजा, रंगीत पुस्तकाच्या प्लेट आणि मशीनच्या तयारीचा खर्च तीन लाख रुपये आहे आणि त्यानंतर दर प्रतीला कागद, शाई, बाइंडिंग मिळून दीडशे. पाचशे प्रती काढल्या तर एक प्रत साडेसातशेला पडते. तीन हजार काढल्या तर अडीचशेला. आकडे उदाहरणापुरते, पण उतार खराच असतो. प्रत स्वस्त व्हायला जास्त छापा, आणि जास्त छापायला आधी पैसे आणा. पानांची संख्याही मनाला येईल तशी ठरत नाही. फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गट, सोळा पानांचा असेल तर १६१ पानांच्या पुस्तकाला आणखी पंधरा पानांचा भुर्दंड बसतो. ती कोरी सोडायची, की रेखाटनांनी भरायची, की एक पट्टी पुढच्या खंडात ढकलायची, हा निर्णय कथेशी नाही, कागदाशी बांधलेला असतो.

टेलर दांपत्याने २००६ मध्ये वाचकांकडून आगाऊ नोंदणी घेतली. आपल्याकडे प्रकाशनपूर्व सवलत देऊन मोठे ग्रंथ निघतात, तीच रीत. एप्रिल २००९ मध्ये सुरू झालेल्या किकस्टार्टरने या रीतीला जाहीर मंच दिला: ठरलेली रक्कम मुदतीत जमली तरच पैसे घ्यायचे, नाहीतर कोणाचंच काही जात नाही. त्याचा झपाटा कळला तो २०१२ च्या सुरुवातीला. रिच बर्लू यांच्या 'ऑर्डर ऑफ द स्टिक' या वेबवरच्या कल्पनारम्य मालिकेचा एक जुना खंड दुकानांतून संपला होता. पुनर्मुद्रणासाठी त्यांनी ५७,७५० डॉलर मागितले. १४,९५२ वाचकांनी मिळून १२,५४,१२० डॉलर दिले. वर्षभराने ॲरन डियाझ यांच्या 'ड्रेस्डेन कोडॅक' या विज्ञानचित्रकथेच्या पहिल्या संग्रहाला ३० हजार डॉलर हवे होते; पाच लाखांहून अधिक जमले.

अशा यशाची दुसरी बाजू आखणीत धरावी लागते. रक्कम वाढत जाते तशी नवी आश्वासनं वाढत जातात: जादा कथा, चुंबकचित्रं, स्वाक्षऱ्या, स्वतंत्र रेखाटनं. बर्लू यांनी अशी बरीच आश्वासनं दिली होती, आणि त्याच वर्षी त्यांच्या हाताला मोठी दुखापत झाली. पैसे होते, वाचक होते, पण चित्र काढणारा हात एकच. विमा असतो तो पुस्तकांच्या गठ्ठ्यांचा. आश्वासनांचा नसतो.

पुस्तकाचं वजन

वेबवरची चित्रकथा बार्शीत आणि बोस्टनमध्ये एकाच क्षणी पोचते. पुस्तक पोचत नाही. अमेरिकेच्या टपाल खात्यात पुस्तकांसाठी मीडिया मेल हा स्वस्त दर आहे, पण देशापुरता. परदेशी जाणारं जहाजी टपाल त्या खात्याने मे २००७ मध्ये बंद केलं. 'द टब ऑफ हॅपिनेस' त्याच वर्षी निघालं, म्हणजे जाडजूड खंड हातात आला आणि परदेशातल्या वाचकासाठी टपालाचा दर विमानाचा झाला. कित्येकदा पुस्तकापेक्षा टपाल महाग. वेबने जगभर मिळवलेला वाचक टपालाच्या खिडकीवर गळतो.

ही चिंता आपल्या प्रकाशकांनाही परकी नाही. पुस्तकांसाठीची टपालाची स्वस्त सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि २०२५ च्या मे महिन्यात 'ज्ञान पोस्ट' येईपर्यंत छोट्या प्रकाशकांचे हिशेब विस्कटले. म्हणून कागदाची जाडी, पुठ्ठ्याची बांधणी आणि खंडाची पानं ठरवताना तराजू जवळ हवा. वीस ग्रॅमने वजनाचा टप्पा ओलांडला की हजारो पार्सलांवर त्याचा बोजा पडतो.

दुरुस्त करायचं की नाही?

'श्लॉक'मध्ये भाडोत्री सैनिकांच्या सुभाषितांचं एक काल्पनिक पुस्तक वारंवार येतं. त्याचं मूळ नाव स्टीफन कोवी यांच्या प्रसिद्ध व्यवस्थापनग्रंथाच्या 'सात सवयीं'वरचं विडंबन होतं. त्या नावाचे हक्क असलेल्या फ्रँकलिन कोवी कंपनीने आक्षेप घेतला आणि टेलर यांनी नाव बदलून 'सत्तर सूत्रं' असं केलं. वेबवरच्या जुन्या पट्ट्यांतही बदल झाला. वेबवर हे शक्य असतं: दहा वर्षांपूर्वीच्या दिवसात जायचं, अक्षरं पुसायची, नवी लिहायची. छापून विकलेल्या प्रती मात्र लोकांच्या कपाटात जशा होत्या तशाच राहतात. पुढे याच अडचणीतून एक नवं पुस्तक उभं राहिलं. २०१५ च्या किकस्टार्टर मोहिमेत कथेतली ती सूत्रं खरंच पुस्तक म्हणून छापायचं ठरलं. त्याची एक आवृत्ती तर पात्रांनी समासात वेगवेगळ्या हस्ताक्षरांत शेरे मारलेली अशी.

संग्रहाच्या नियोजनातला सगळ्यात अवघड प्रश्न इथेच आहे. रंग, फर्मे, टपाल यांचं गणित शिकता येतं. पण आपलं जुनं, कच्चं काम पाहून ते नव्याने काढायची ऊर्मी प्रत्येक चित्रकाराला येते, आणि वेबवर ती भागवायला काहीच आडकाठी नसते. वेबवरची मालिका म्हणून कधीच पक्की होत नाही. पुस्तक तिला पक्कं करतं. स्पेलिंगच्या चुका, फसलेला रंग, कायद्याची भानगड हे दुरुस्त करावं; रेषेचा कच्चेपणा राहू द्यावा. तो काढून टाकला, तर वीस वर्षांत एक हात कसा बसत गेला याचा पुरावाच पुसला जातो, आणि तो पाहायलाच जुना वाचक पहिला खंड मागत असतो.

आज मराठीतही चित्रकार मोबाइलवर चौकटी टाकतात, वाचक त्या पुढे पाठवतात. त्यातली एखादी विज्ञानकथा पाच वर्षं टिकली तर तिचं पुस्तक व्हावं असं कोणालातरी वाटेलच. त्या चित्रकाराने आज करायच्या गोष्टी थोड्या आहेत. मूळ फाईल मोठ्या आकारात दोन ठिकाणी जपावी. अक्षरं चित्रापासून वेगळ्या थरात ठेवावीत. रंगारी किंवा लेखक सोबत असेल तर पुस्तकाचे हक्क आणि वाटा लिहून घ्यावा. आणि घरात किंवा मित्रांत असा एक माणूस शोधावा ज्याला चित्रं काढता आली नाहीत तरी चालेल, पण याद्या, हिशेब आणि पार्सलं सांभाळता आली पाहिजेत. त्याचं नाव मुखपृष्ठावर छापायचं की नाही, हाही संग्रहाच्या आखणीतलाच प्रश्न आहे. माझं उत्तर होय असं आहे.